कमरेवरचं गजकर्ण आणि आईची किडनी

किडनी प्रत्यारोपणाच्या ऑपरेशनच्या आधी आम्हाला जे माहितीपत्रक दिलं होतं, त्यात त्वचेबद्दल दीड ओळ होती. चेहऱ्यावर सूज व मुरूम येऊ शकतात, घाबरू नये. बास. गेल्या अडीच वर्षांत माझा जितका वेळ त्या दीड ओळीपायी गेला, तितका किडनी कशी चालतेय ते सांगणाऱ्या क्रिएटिनीनच्या आकड्यापायीही गेला नसेल. मागच्या महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांनी ‘आता वर्षाने या’ असं लिहून दिलं, तेव्हा ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं. माझ्यासारखं कुणी रात्री दोन वाजता कंबर खाजवत मोबाईलवर उत्तर शोधत बसलं असेल, तर त्याला निदान एक सलग गोष्ट वाचायला मिळेल.

मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४१. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी पुण्यात माझं किडनी प्रत्यारोपण झालं. किडनी आईची. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आई जवळच्या नात्यात येते, त्यामुळे परवानगीला त्रास नाही असं सगळे सांगत होते. प्रत्यक्षात आईच्या आधारवर एक आडनाव, माझ्या आधारवर सासरचं दुसरं, आणि माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नावच नाही, कारण तेव्हा तो रकानाच नव्हता. मग जन्मदाखला, लग्नाचा दाखला, स्टँपपेपरवर दोन प्रतिज्ञापत्रं आणि कॅमेऱ्यासमोर मुलाखत. तो सगळा किस्सा वेगळा लिहीन कधीतरी.

ऑपरेशन नीट झालं. गोळ्या तीन: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. घरात आम्ही त्यांना टॅक्रो, मायको आणि स्टेरॉइड म्हणतो. शरीराच्या राखणदाराने, म्हणजे प्रतिकारशक्तीने, आईच्या किडनीला परकी समजून हुसकावू नये, म्हणून त्याला गुंगीत ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पण हाच राखणदार कातडीवरही पहारा देत असतो, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला बदल चेहऱ्यात झाला. महिन्याभरात तोंड पुरीसारखं टम्म फुगलं. जानेवारी २०२२मध्ये छातीवर, पाठीवर आणि कपाळावर पुरळ उठलं. हे तरुणपणीच्या मुरमांसारखं नव्हतं. सगळे फोड मोहरीएवढे, एका मापाचे, एकाच दिवशी उगवल्यासारखे. काळी टोकं कुठेच नाहीत. किडनीच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, स्टेरॉइडचं आहे, डोस उतरला की उतरेल. वीस मिलिग्रॅमवरून सहा महिन्यांत पाचवर आले, तसं खरंच उतरलं. मधल्या काळात लावायला एक जेल दिलं होतं. एका पेशंटच्या बायकोने मला सांगितलं होतं की तिच्या नवऱ्याने तोंड सुजतं म्हणून स्टेरॉइड आपणहून कमी केलं. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जून २०२२ला शाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी दुसरीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, “बाई, तुम्हाला गालगुंड झालंय?” मी हो म्हटलं. सोपं उत्तर होतं ते.

मग केस. विंचरताना मुठीत यायचे. तो टॅक्रोचा प्रसाद. हातावरची कातडी इतकी पातळ झाली की बांगडी फळ्याच्या कडेला आपटली तरी जांभळा डाग पडायचा आणि आठवडाभर टिकायचा. लोक निरनिराळे उपाय सुचवायचे. जाऊबाईंनी गुळवेलीचा काढा आणून दिला. नशीब, तो पिण्याआधी मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून लोक जे जे पितात, ते ते तुम्ही प्यायचं नाही, कारण ती दाबून ठेवण्यासाठीच आपण एवढा खर्च करतोय.

पुण्यातल्या ओपीडीच्या बाकावर खूप शिकायला मिळतं. सकाळी रक्त द्यायचं आणि दुपारी रिपोर्ट आल्यावर डॉक्टर, मधले पाच तास गप्पा. लातूरकडचे एक काका सायक्लोस्पोरिन या राखणदाराला गुंगीत ठेवणाऱ्याच दुसऱ्या गोळीवर वीस वर्षं काढलेले, कपाळापासून भुवयांपर्यंत लव दाट झालेली आणि हिरड्या दातांवर चढलेल्या. माझे केस गळतात म्हटल्यावर ते म्हणाले, “माझे घ्या की.” सायरोलिमसवरच्या एका मुलाच्या तोंडात कायम छाले, वरणभातसुद्धा झोंबायचा. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्या एक बाई फुल बाह्यांचा ब्लाउज आणि छत्रीशिवाय बाहेर पडत नसत, कारण त्या गोळीने ऊन जास्त बाधतं. गोळी कोणती, त्यावर त्रास कोणता ते ठरतं. मी परिसर अभ्यास शिकवते, म्हणून मला एका गोष्टीची फार गंमत वाटते. टॅक्रोलिमस सापडलं जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत, १९८४ साली. सायक्लोस्पोरिन त्याही आधी, नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीत. आणि माझा पुढचा सगळा छळ केला तोही एका बुरशीनेच.

ऑगस्ट २०२३. कराडला पाऊस लागून राहिलेला, कपडे घरात दोरीवर, तेही अर्धवट ओले. परकराची नाडी जिथे बसते तिथे, उजव्या कमरेवर, खाज सुटली. रुपयाएवढं लाल कडं, कडेला बारीक पुटकुळ्या, मध्ये कातडी बरी. गजकर्ण. आमच्याकडे ते कुणालाही होतं, त्यासाठी पुण्याला कोण जातं? मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने ट्यूब दिली. पंच्याण्णव रुपये. “ताई, तीन दिवसांत मोकळं वाटेल.”

दोनच दिवसांत वाटलं. खाज गेली, लाली गेली. मी ट्यूब बंद केली, चौथ्या दिवशी दुप्पट खाज. परत लावली, परत आराम. असं सप्टेंबरअखेरपर्यंत चाललं. तोवर ते कमरेभोवती पसरून जांघेपर्यंत उतरलं होतं आणि त्याला कडंच राहिलं नव्हतं, नुसता तपकिरी-लाल पट्टा. मी तीन ट्यूबा संपवल्या. त्या ट्यूबेवरची बारीक अक्षरं मी नंतर भिंग लावून वाचली. आत तीन औषधं: एक बुरशीचं, एक जिवाणूंचं आणि एक अतिशय कडक स्टेरॉइड, क्लोबेटासोल. स्टेरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं. पोटात आधीच स्टेरॉइड, वरून आणखी हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही याची खूण म्हणून ट्यूबेवर उभी लाल रेघ असते. ती होतीच. मी पाहिली नव्हती आणि त्याने दाखवली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. किडनीचं ऑपरेशन झालंय हे सांगितलं. फाईल मात्र नेली नाही. एवढ्याशा गजकर्णाला चार किलोची फाईल कशाला न्यायची, असा विचार. त्यांनी बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ. चालू औषधं कोणती ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. १६ ऑक्टोबर, सोमवारपासून सुरू केल्या. नवरात्राचा दुसरा दिवस होता.

२४ तारखेला दसरा. सकाळी दारात रांगोळी काढायला बसले. ठिपके कसेबसे पडले. ते जोडायला चिमूट उचलली तर रेघ सरळ येईना, तीन-तीन ठिकाणी तुटायला लागली. टॅक्रोने हात जरासे थरथरतात ते मला सवयीचं होतं, पण हे वेगळंच. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं तरी रांगोळी सांडत होती. मुलगा म्हणाला, “आई, मी काढतो.” त्याने कसलासा किल्ला काढला. दुपारी डोकं ठणकायला लागलं, संध्याकाळी जुलाब. उपासाचं बाधलं, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

रात्री साडेआठला, टॅक्रोची वेळ व्हायच्या अर्धा तास आधी, आमच्या ह्यांनी ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला.

“ताई, नवीन काही गोळी सुरू केलीत का?”

“नाही.” मग जरा थांबून मी म्हटलं, “गजकर्णाची चालू आहे. पण ती काय, त्वचेची.”

“पाकीट घ्या हातात. नाव वाचा.”

मी वाचलं. पलीकडून काही क्षण आवाजच नाही. “ती आत्ता बंद. बाकी सरांना विचारून पाच मिनिटांत फोन करते.” तीन मिनिटांतच फोन आला. रात्रीची टॅक्रो घ्यायची नाही, पहाटे निघायचं, सकाळचीही न घेता यायचं.

२५ तारखेला रिपोर्ट आले. टॅक्रोची रक्तातली लेव्हल २७.४. माझी एरवी पाच ते सातमध्ये ठेवतात. क्रिएटिनीन १.१चं २.० झालेलं, पोटॅशियमही चढून ५.८. लगेच दाखल करून घेतलं. बातमी कळताच आई कराडहून एकटीच एसटीने आली आणि कॉटच्या पायथ्याशी पिशवी मांडीवर घेऊन बसली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी समजावलं ते मला एकदम पटलं. टॅक्रोलिमसचा निचरा यकृतातल्या एका एन्झाइममधून होतो. इट्राकोनॅझोल ते एन्झाइम अडवतं. मोरी तुंबली की वरचा नळ तेवढाच असला तरी पाणी चढतं, तसं. डोस एका कणानेही वाढवलेला नव्हता, रक्तातलं प्रमाण मात्र कित्येक पटींनी वाढलं, आणि टॅक्रो जास्त झालं की ते किडनीलाच मारतं. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, केटोकोनॅझोल आणि जिवाणूंवरची क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन हीही मोरी अशीच तुंबवतात. ग्रेपफ्रूट आणि पपनसही वर्ज्य. टीबीचं रिफाम्पिसिन बरोबर उलट करतं, मोरी इतकी मोकळी करतं की लेव्हल खाली जाऊन किडनी रिजेक्ट व्हायची भीती. एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. महागड्या गोळीचा डोस कमी लागावा म्हणून काही डॉक्टर असलंच एखादं अडवणारं औषध मुद्दाम, हिशेबाने देतात. म्हणजे औषध तेच, फरक एवढाच की कुणीतरी लेव्हल मोजत असतं.

चार रात्री दवाखान्यात होते. २९ तारखेला घरी सोडलं तेव्हा क्रिएटिनीन १.५. बिल ३१,४०० रुपये. इट्राकोनॅझोल बंद केलं तरी शरीरातून लगेच जात नाही, त्यामुळे टॅक्रो अगदी कमी डोसने सुरू करून दर आठवड्याला लेव्हल बघत वाढवायची होती. दर लेव्हलला १,९०० रुपये, शिवाय रक्ताचा नमुना पुण्याला पोचवायची धावपळ. मधल्या एका आठवड्यात ती ३.८वर घसरली आणि मी दोन रात्री झोपले नाही. नव्या मंडळींसाठी सांगते. लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घ्यायच्या आधी, आदल्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. गोळी डब्यात घालून बरोबर न्यायची आणि रक्त दिल्या दिल्या घ्यायची. घाईत आधी गोळी घेतली तर आकडा खोटा येतो आणि पैसे वाया जातात.

गजकर्ण या सगळ्यात होतं तिथेच होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमची वेळ मिळाली ३ नोव्हेंबरला. फी ७०० रुपये, तपासणी ३०० रुपये. या वेळी फाईल नेली, तिन्ही रिकाम्या ट्यूबाही नेल्या. त्यांनी ट्यूबा टेबलावर ओळीने उभ्या केल्या आणि म्हणाल्या, “रोज अशा दहा बघते.” मग बोथट ब्लेडने जांघेजवळचा कोंडा काचपट्टीवर खरवडला, मिठाएवढा. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर पातळ काच. वीस मिनिटं थांबायचं, म्हणजे कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी उरते. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. पेशींच्या धूसर फरशीवरून काचेसारखे लांब धागे गेलेले, मध्ये पेरं, जागोजागी फाटे फुटलेले. उसाच्या फडात वरून बघावं तसं. नऊ दिवस इट्राकोनॅझोल खाऊनही मजेत होते. माझी किडनी जेरीला आली आणि हे टुकटुकीत, याचा मला फार राग आला.

पहिले तीन आठवडे फक्त मलम, तेही डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असं लावायचं. क्रिएटिनीन १.२वर आल्यावर, किडनीच्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलून, २४ नोव्हेंबरला बुरशीवरचं दुसरं औषध, टर्बिनाफिन, सुरू केलं. ते टॅक्रोच्या मोरीत फारसं अडकत नाही, पण किडनी बरी चालत असली तरच देतात आणि अधूनमधून लिव्हरची तपासणी लागते. औषध बारा आठवडे. खाज तिसऱ्या आठवड्यात गेली. थांबायचं नाही हे त्यांनी तीनदा बजावलं होतं.

औषधाइतकंच घरातलंही बदललं. ह्यांना आणि मुलाला तपासलं तर मुलाच्या मांडीवर एक कडं निघालं, ते त्याने लाजून लपवलं होतं. सगळ्यांचे टॉवेल वेगळे. कपडे गरम पाण्यात, उलटे करून उन्हात, आणि ऊन नसेल तेव्हा शिवणीवरून इस्त्री. घट्ट नाडीचा परकर सोडून मी सैल इलॅस्टिकचा शिवून घेतला, आता शाळेतल्या आणखी दोघींनीही शिवून घेतलाय. अंघोळीनंतर कंबर आणि जांघा कोरड्या केल्याशिवाय साडी नेसायची नाही, मग पहिली घंटा चुकली तरी चालेल.

आता पैशांचं. मी सरकारी नोकरीत, त्यामुळे प्रत्यारोपणाच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळाली होती, ते गंभीर आजारांच्या यादीत आहे. या चार रात्रींची फाईल मात्र तीनदा परत आली. एकदा डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही म्हणून, एकदा औषधांच्या बिलांवर सही-शिक्का नाही म्हणून, आणि शेवटी हा आजार यादीत बसत नाही म्हणून. ओपीडीच्या पावत्यांचा तर प्रश्नच नव्हता. एक उपयोग झाला. जुन्या करपद्धतीत तेव्हा आयकराच्या कलम ८०डीडीबीखाली दीर्घकालीन किडनी निकामीच्या उपचारखर्चावर साठ वर्षांखालच्यांना ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळायची, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं. परत मिळालेली रक्कम त्यातून वजा व्हायची. या चार रात्रींची मला मिळालीच नव्हती, त्यामुळे ती अडचण आली नाही. प्रमाणपत्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. नंतर त्यासाठी वेगळी फेरी पडते, मला पडली.

जानेवारीत माझ्या वर्गातल्या एका पोराला कांजिण्या आल्या. यावेळी त्याच दुपारी फोन केला. मला लहानपणी येऊन गेल्यात आणि ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत तशी नोंद आहे, म्हणून नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन फोड आले तर नागीण समजून त्याच दिवशी यायचं. नागिणीची जिवंत विषाणूची लस आपल्याला चालत नाही, दुसरी निर्जीव प्रकारची चालते, पण कधी घ्यायची ते किडनीच्या डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं. त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्या देशांतल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांना भेडसावणारा मोठा प्रश्न. आपल्या सावळ्या कातडीला तो बराच कमी, आपल्याकडे बुरशी, चामखिळी, नागीण यांचाच जाच जास्त. तरी न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ दिसली तर दाखवायचीच, आणि वर्षातून एकदा डोक्यापासून तळपायापर्यंत तपासणी.

मी आता एटीएम कार्डाएवढा एक कागद लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते. एका बाजूला तिन्ही औषधं आणि डोस, दुसऱ्या बाजूला को-ऑर्डिनेटरचा नंबर आणि त्याखाली ‘कोणतंही नवीन औषध, मलमसुद्धा, देण्याआधी कृपया विचारा’. मार्चमध्ये दाढ दुखत होती तेव्हा दंतवैद्यांनी ते वाचून लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. मेडिकलवाल्यालाही दाखवला. त्याने फोटो काढून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. ट्यूब अजून विकतो, पण मला तरी नाही.

टर्बिनाफिन फेब्रुवारी २०२४मध्ये संपलं. जूनच्या तपासणीत काचपट्टी कोरी निघाली. कमरेवर काळपट पट्टा राहिलाय, तो हळूहळू फिका होईल म्हणतात. जांघेत मात्र कातडी फाटल्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्यात, त्या ट्यूबेच्या. त्या जाणार नाहीत.

दर रविवारी अंघोळीनंतर आई माझी पाठ बघते, कारण ती मला दिसत नाही. मोबाईलच्या उजेडावर तिचा विश्वास नाही, तिला तिची जुनी बॅटरीच लागते. मानेपासून सुरू करून खाली येते, आणि डाव्या बाजूला तिच्या स्वतःच्या पोटावर ऑपरेशनचा वण आहे तो अधूनमधून नकळत चोळते. परवा खांद्याखाली एक नवीन ठिपका सापडला म्हणून बराच वेळ थांबली. चष्मा काढला, घातला, नखाने हळूच टोकरलं.

“काय आहे गं?”

“गप उभी राहा.” मग थोड्या वेळाने, “कुंकू आहे. पदराला लागलेलं.”

आणि बॅटरी बंद केली, सेल उतरतात म्हणून.